अक्काचा हात कोण धरायचं

आमच्या घरात कागद म्हणजे चौकटींचाच. नाना चादरींच्या कारखान्यासाठी नक्ष्या काढायचे, आणि जकार्डच्या मागावर चढणारी नक्षी आधी ग्राफवर उतरवावी लागते. एकेक चौकट म्हणजे एकेक धागा; लाल पेन्सिलीनं भरलेली चौकट म्हणजे वर उचललेला धागा, रिकामी म्हणजे खाली राहिलेला. त्यामुळे वाण्याकडच्या पुड्यांचा कागद सोडला, तर घरभर बारीक हिरव्या चौकटी पसरलेल्या असायच्या. आईच्या डब्यांच्या तळाशी त्याच, फळीवरच्या भांड्यांखाली त्याच, माझ्या पुस्तकांना कव्हरंही त्याचीच. शाळेत पहिल्यांदा एकेरी वही हातात आली तेव्हा मला ती उघडीबोडकी वाटली होती. यात कशाला धरून लिहायचं, असं मी बाईंना विचारलं म्हणे. ही गोष्ट आई घरी येईल त्याला सांगायची आणि मी दर वेळी चिडायची. पुढे जन्मभर मी पोरांना गणित शिकवलं. ते कुठून आलं असं कुणी विचारलं की मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांकडे बोट दाखवते.

दोन खोल्या आणि मागं एक पडवी, एवढंच घर. पुढच्या खोलीत खिडकीशी नानांची तिरकी फळी, मधल्या खोलीत चूल आणि देव, पडवीत अक्काचा सुताच्या कांड्या भरायचा रहाट. पलीकडच्या भिंतीला लागून कुणाचे तरी यंत्रमाग होते आणि भिंत दोघांत एकच. सकाळी माग सुरू झाले की फळीवरचे पेले एकमेकांशी किणकिणायला लागायचे ते वीज जाईपर्यंत. वीज गेली की आपण सगळेच ओरडून बोलतोय हे गल्लीच्या एकदम ध्यानात यायचं, आणि थोडा वेळ लोक ओशाळल्यासारखे हळू बोलायचे. आता मी कोथरूडच्या सहाव्या मजल्यावर राहते. इथं शांतता आहे म्हणून लोक पैसे मोजतात. मला मात्र अजूनही दुपारी झोप लागत नाही, कारण पेले वाजत नाहीत.

एक सांगून टाकते. आम्ही घरात तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, आणि शेजारच्या जुबेदाखालाशी तिसरंच काहीतरी. इथं मात्र मी जुबेदाखाला सोडली तर सगळ्यांना सोलापुरी मराठीतच बोलायला लावणार आहे. त्यांची हरकत नसती. बाजारात भाव करताना सगळे तीच बोलायचे.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. तिला अक्का म्हणायचे नाना, पण आईही अक्का म्हणायची, आम्हीही, आणि दूधवालाही. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्याकडे होती. तिचे यजमान, आमचे मामा, मंगळवेढ्याला हातमागावर लुगडी विणायचे. ऐन तिशीत तापानं गेले. गेले तेव्हा मागावर अर्धं लुगडं होतं. ते दुसऱ्या विणकरानं बसून पुरं केलं आणि ज्याचं होतं त्याला देऊन टाकलं. अक्का त्याविषयी कधी बोलायची नाही. हे मला आईकडून कळलं होतं. अक्काचं बोलणं सगळं खाण्याविषयी. शेंगांची चटणी उखळातच कुटली पाहिजे, मिक्सरमध्ये केली की ती चटणी राहत नाही, भुकटी होते. अंबाडीची भाजी आम्ही पुंटिकूर म्हणायचो, तिला वरून लसणाची फोडणी द्यायची ती तिनंच. कडक भाकरी ती मुठीनं फोडायची, त्यावर आमटी ओतायची आणि भाकरी मऊ व्हायच्या आधीच खायला लागायची. मऊ झाल्यावर खाल्ली तर दात कशाला दिलेत, असं तिचं म्हणणं होतं. ती कधी शाळेत गेलेली नव्हती. रेशनच्या कार्डावर अंगठा लावायची आणि नंतर ती शाई भिंतीला पुसायची. पडवीच्या भिंतीवर तिच्या अंगठ्यांची एक रांगच झाली होती.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. वीज गेली होती. आई भांडी घासून पदर तोंडावर घेऊन आडवी झाली होती, नाना कारखान्यात गेले होते. मी जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होते. अक्का नानांच्या फळीवरच्या पेन्सिली आवरायला गेली. आवरता आवरता खुर्चीवर टेकली आणि मला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. मी मान वर केली तर अक्का ग्राफवर चौकटी भरत होती, खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करून. आश्चर्य म्हणजे ती कागदाकडे बघतच नव्हती. तिची नजर समोरच्या कॅलेंडरवर होती आणि चेहरा दळण दळताना असतो तसा, कुठेच नसल्यासारखा. हात मात्र सरकत होता, थांबत होता, चौकट भरत होता, पुढं जात होता. मी हाक मारली नाही. भीती वाटली म्हणून नाही. बघायला फार छान वाटत होतं म्हणून. मग वीज आली, भिंत थरथरली, पेले वाजले आणि हात थांबला.

अक्कानं खाली बघितलं. "हे कुणी काडलं गं?"

"तूच की," मी म्हटलं.

"मी कुटं? मी नुसती बसली हुती."

संध्याकाळी नानांनी तो कागद भिंग लावून पाहिला. नाना देवाला हात जोडायचे, पण घाईत. भूत, करणी, अंगात येणं यांतलं काहीच त्यांना पटायचं नाही. त्यांचा विश्वास एका गोष्टीवर: मोजलं की खरं कळतं. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं चौकटी मोजल्या, पुन्हा मोजल्या. एक वेल होती, वेलीतून दुसरी वेल निघाली होती, मधे काठासारखी पट्टी, आणि डावी बाजू उजव्या बाजूला तंतोतंत जुळत होती. नानांना अशी जुळवाजुळव करायला आधी कच्चं काढावं लागायचं, खोडावं लागायचं.

"कुणाकडं शिकलीस?" त्यांनी जरा रागानंच विचारलं.

"मी कशाला शिकू," अक्का म्हणाली. मग भाकरी थापता थापता, "त्यांचा हात हाय. माज्या हाताला त्यांच्या हाताचं वजन येतंय. मला ठावं हाय ते."

तव्यावरची भाकरी करपली तेवढी.

आईनं पहिले काही दिवस घाबरण्यात घालवले. लिंबू झालं, मिरच्या झाल्या, उदबत्तीचा धूर झाला, उद्या पोरीचं लग्न करायचंय हे सांगून झालं. अक्काचा हात तरी रोज दुपारी वीज गेली की चालायचाच. मग आईच्या डोक्यात एक वेगळाच विचार आला आणि त्यानं सगळा प्रश्न मिटवला. येणारे जर मामा असतील, तर ते या घरचे जावई. घरचा जावई रोज दुपारी येतो आणि त्याला साधा चहा विचारत नाहीत, हे कुठल्या घरात शोभतं? दुसऱ्या दिवसापासून अक्का फळीशी बसली की आई डोक्यावरून पदर घ्यायची आणि कपबशीतला चहा फळीशेजारी खिडकीत ठेवायची. पेल्यातला नाही, पाहुण्यांच्या कपबशीतला. एकदा दूध नासलं होतं तर तिनं मला जुबेदाखालाकडे पिटाळलं. "जावईबापू काळा चहा पिऊन जातील व्हय," असं ती इतक्या काळजीनं म्हणाली की मला हसावं की धावावं कळेना. हात थांबला की तो गार चहा मी प्यायची. मी कधीही न पाहिलेल्या मामांची माझी ओळख अशी उष्ट्या चहातून झाली, आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागले होते. शाळेतून येताना, आज मामा आले असतील का, असं वाटून मी भरभर पावलं उचलायची.

माझी नात इथं पुण्यातच चित्रकलेच्या कॉलेजात आहे. मध्यंतरी तिनं मला फोनवर काही चित्रं दाखवली. परदेशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही बायका, एखादा खाणकामगारसुद्धा, आत्म्यांच्या सांगण्यावरून चित्रं काढत होते. ना कधी शिकलेले, ना कधी ब्रश धरलेला. कागदाच्या कोपऱ्यातून सुरुवात करून भिंतभर नक्षी, आणि खाली सही मेलेल्या माणसाची. आता ती मोठमोठ्या संग्रहालयांत लावतात आणि त्यावर जाडजूड पुस्तकं निघतात म्हणे. मी बघत राहिले. कोपरा तोच होता. नात म्हणाली, आजी, काही लोक म्हणतात हे त्यांच्याच मनात दडलेलं होतं, बाईला चित्रकार कुणी होऊच दिलं नसतं, म्हणून आत्म्याचं नाव. काही म्हणतात खरंच कुणीतरी यायचं. तुला काय वाटतं? मी म्हटलं, आमच्या घरात तो प्रश्न कुणी विचारलाच नाही गं. आमच्याकडे प्रश्न एवढाच होता की आलेल्याची नीट सरबराई होते की नाही. ती हसली, पण मी थट्टा केली नव्हती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिली आली जुबेदाखाला. तिचा नवरा ट्रकवर होता. आंध्राच्या बाजूला कुठेतरी अपघात झाला आणि तिकडेच त्याला दफन करावं लागलं. तिला त्याचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. ती अक्काजवळ येऊन बसली आणि बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अक्का, मेरेवालेकू बुलाते क्या?"

"मला बोलवता येत न्हाय गं," अक्का म्हणाली. "येतंय त्येच येतंय."

जुबेदाखालानं मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती उठली नाही. त्या दिवशीचं काढून झालं तेव्हा तिनं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. "हमारे में तस्वीर नै लगाते," ती म्हणाली. "इसमें किसीका मुखडा नै है ना?"

"कुणाचंच न्हाय. नुसता वेल हाय."

"फिर चलता." आणि तो कागद तिनं काच लावून घरात टांगला. त्याच्यापुढे ती काय म्हणायची कोण जाणे. पण त्यानंतर ती अक्काला पुन्हा कधी नवऱ्याविषयी विचारायला आली नाही, आणि ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा आमच्याकडे यायला लागला. मग इतर बायका यायला लागल्या. अक्का जो येईल त्याला कागद देऊन टाकायची. काढून झालं की तिला त्या कागदाचं काही वाटायचं नाही, भरलेली कांडी मागावर पाठवावी तसं.

नानांना मात्र वाटायचं. ते बोलायचे नाहीत, पण प्रत्येक कागद घराबाहेर जाण्याआधी एकदा हातात घेऊन बघायचे. राग कधीच गेला होता. आता त्यांच्या बघण्यात एक वेगळीच ओढ होती; मला वाटतं, जन्मभर खोडून खोडून नक्षी बसवणाऱ्या माणसाला ते न खोडता उतरलेलं बघवत नव्हतं आणि बघितल्यावाचून राहवतही नव्हतं. एकदा अक्कानं मोठं काम काढलं. ग्राफ एकाला एक डकवून घ्यायला लावले आणि महिनाभर दुपारमागून दुपार तेच चालू होतं. त्या दिवसांत ती वेगळीच दिसायची. गालावर तेज, डोक्याला नेमानं तेल. एकदा पेन्सिल खाली ठेवताना ती मला हळूच म्हणाली, "हे पुरं झालं की त्यांच्या जिवाला बरं वाटंल बग." ‘हे’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, चित्र.

ते पुरं झालं तेव्हा नानांनी ठरवलं की हा कागद कुणालाही द्यायचा नाही. पेन्सिल पुसट होते, कागद कुजतो. हे कापडावर उतरवायचं. अक्काला न सांगता त्यांनी तो कारखान्यात नेला, मालकाच्या हातापाया पडून जकार्डला लागणाऱ्या, भोकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या पाडून घेतल्या आणि एकच चादर विणवली, विटकरी आणि पांढरी. विकायला नाही; अक्कासाठी. नानांनी आपल्या बहिणीला त्याआधी कधी काही दिलेलं मला आठवत नाही, म्हणजे लुगडी-चोळी सोडून. वर्तमानपत्रात गुंडाळलेली चादर घेऊन ते घरी आले तेव्हा त्यांना चपला काढायचंही भान नव्हतं.

आईनं चादर खाटेवर पसरली. इतकी सुंदर चादर मी त्यानंतर पाहिली नाही. अक्कानं आधी डोळ्यांनी बघितलं, मग हातानं. काठापासून तळहात फिरवत ती मधे आली, मधून जरा बाजूला गेली आणि तिथं थांबली.

"हितं काय तरी हुतं."

मला माहीत होतं काय होतं. मोहरी सांडावी तसा चौकटींचा एक बारका पुंजका होता, एकाच बाजूला. समोरच्या बाजूला तो नव्हता. सगळ्या जुळलेल्या नक्षीत तेवढाच न जुळणारा.

"ते चुकून पडलं हुतं अक्का," नाना म्हणाले. "तसंच ठेवलं असतं तर कापडावर डाग दिसला असता. बघणारा म्हणाला असता, धागा चुकलाय."

"चुकून कुणाच्या? माज्या का त्यांच्या?"

नाना अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मी ठरवून न्हाय खोडलं. ग्राफ नीट करताना रबर फिरलं. इतकी वर्सं हेच करतोय की. हात आपोआप जातोय तितं."

"म्हंजे तुजा बी हात आपोआपच गेला म्हण की," अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच फार वाईट होतं. तिनं चादरीची घडी घालायला घेतली, टोकाला टोक जुळवून, सावकाश. "ते लुगडं बी असंच दुसऱ्यानं पुरं केलं. आता हे बी. चादर लई चांगली हाय रे. पर ही तुजी हाय. त्यांची न्हाय."

त्यानंतर अक्काचा हात चालला नाही. रोज दुपारी ती फळीशी बसायची, पेन्सिल हातात धरायची, कॅलेंडरकडे बघायची. आई पदर घेऊन चहा ठेवायची. चहावर साय धरायची, वीज यायची, पेले वाजायचे, अक्का उठायची. असं बरेच दिवस चाललं. नानांनी तो मूळचा कागद काढून पुंजका परत भरायचा प्रयत्न केला. पण रबर फिरवलेल्या जागी खुणा उरल्या नव्हत्या, आणि मोजून कळण्यासारखं ते नव्हतंच. त्यांनी अंदाजानं भरलं, अक्काला दाखवलं. अक्कानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे आता. जेवून घे," ती म्हणाली. मग एक दिवस ती दुपारी फळीशी न जाता पडवीत रहाटाशी जाऊन बसली. आईनं चहा केला नाही. मला त्या दिवशी इतकं रडू आलं की आईला वाटलं शाळेत काही झालं. माझे मामा गेले होते. बाकीच्यांचे ते माझ्या जन्माआधीच गेले होते. माझे त्या दिवशी गेले.

बहीणभावात कधी वाकडं आलं नाही. अक्का नानांना शेवटपर्यंत गरम भाकरी आपल्या हातानं वाढायची आणि ती मऊ पडू दिली तर रागवायची. नानांनी नक्ष्या काढणं चालू ठेवलं, पोट होतं. पण रबर ते फार बेतानं वापरायला लागले. अक्का गेली तेव्हा मी नोकरीला लागले होते, लग्नही झालं होतं. दिवस होईपर्यंत घरात माणसं होती. मग एकेक करून ती गेली आणि मी, आई, नाना एवढेच उरलो. नानांना तोवर नीट दिसेनासं झालं होतं. फळीवर धूळ असायची.

मी निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, नाना दिसेनात म्हणून पुढच्या खोलीत डोकावले. ते फळीशी बसले होते. समोर कोरा ग्राफ होता. लाल पेन्सिल त्यांनी धरली नव्हती. बोटांत नुसती टेकवली होती, सैल, आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. मला आधी वाटलं डुलकी लागलीय. एकेक चौकट मोजून भरणारा माझा बाप असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्या पावलांचा आवाज त्यांना ओळखू आला असणार, पण त्यांनी मान वळवली नाही.

"बघ गं," ते म्हणाले. "हालतोय का?"

मी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. पेन्सिलीचं टोक कागदावर होतं तिथंच होतं.

"अजून न्हाय, नाना," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.